उरलेलं पितळ

दिवसभर मी दात करतो.
राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
लोकांच्या तोंडाचे साचे टेबलावर आ वासून पडलेले.
कुणाची दाढ, कुणाचा सुळा.
नाव नसतं, नुसता नंबर.

घड्याळ डॉक्टर सरनोबतांचं.
दीड वर्षाची बिलं थकली तेव्हा म्हणाले,
"वडिलांचं आहे. स्विस, चावीचं. ठेव, हिशोब मिटला."
मिटला नव्हता. मी ठेवलं.

बायको म्हणाली, "चालतंय ते उघडालाईस कशाला?"
ह्याला उत्तर नव्हतं.
आतलं बघायचं होतं,
आणि परत झाकायचं नव्हतं, एवढंच.

तबकडी काढली.
खाली पितळेची पाटी, जुन्या रुपयाएवढी,
आणि चाकांच्या अंगावरून टाकलेले पूल.
घड्याळजी त्यांना पूलच म्हणतात.

हुपरीचे आदगोंडा, सासऱ्यांचे चुलतभाऊ,
पैंजणांच्या जाळ्या कापण्यात जन्म गेला त्यांचा.
त्यांनी करवत दिली, पातं केसासारखं.
म्हणाले, "ढकलू नको. त्याचं त्याला जाऊ दे.
चांदी ऐकती. पितळ वाद घालतं."
पहिल्या रात्री अकरा पाती मोडली.

कापायचं कुठं, थांबायचं कुठं?
रविवारी पंचगंगेच्या काठाला जाऊन
शिवाजी पुलाकडे बघत बसलो.
एवढा दगड, आणि खाली एवढी मोकळीक.
उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांसकट. कमान हूं की चूं नाही.
भार जिथून उतरतो तेवढाच दगड,
बाकीचं नदीला सोडून दिलेलं,
आणि त्यातून म्हशी निवांत पलीकडं चाललेल्या.
घरी येऊन पितळेवर कमानी काढल्या,
सुईच्या टोकानं, श्वास धरून.

मग रात्री.
दात घासायचं तेच मशीन, तेच भिंग, तोच दिवा,
आणि दात्यांच्या भोवतीनं सरकणारा हात.
एकदा चुकलो. माणकाच्या फार जवळ गेलो
आणि खडा उडाला, मोहरीपेक्षा लहान, लाल.
दोन वाजता फरशीवर पालथा, हातात टॉर्च.
सापडला सकाळी,
दोनशे सतरा नंबरच्या दाढेत बसलेला,
जसा काही मीच तिथं बसवला होता.

शेवटचा पूल उलटा केला.
त्याच्या पोटाशी ओरखडे.
आधी वाटलं माझेच.
भिंग लावलं तर अक्षरं:
*इ. मो. ७४. तेल.*
आणि खाली, हात जरा कापत असावा तसं,
*इ. मो. ८१. तेल.*

मालक कधी बघणार नाही अशा जागी
कुणीतरी आपला दिवस लिहून ठेवलेला,
आणि वर पूल बसवून, चार स्क्रू आवळून
घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात दिलेलं.

महाद्वार रोडला दोन-चार म्हाताऱ्यांना विचारलं.
एक म्हणाला मोमीन, एक म्हणाला मोरे.
तिसऱ्यानं घड्याळ विकतोस का म्हणून विचारलं.

तेवढं पितळ बिनकामाचं होतं.
भार तिथून जातच नव्हता.
माझी कमान बरोबर त्या अक्षरांवरून आखलेली.
पातं लावलं.
काढलं.
आणि चहा ठेवायला उठलो.

आता सगळं आरपार दिसतं.
घड्याळ धरलं की पलीकडचा अंगठा दिसतो,
चाकं त्याच्यावर फिरत असतात.
फक्त एका कोपऱ्यात बेढब तुकडा,
सगळं पाणी उतरल्यावर राहावा तसा.
आदगोंडा म्हणाले, "हे एवढं का ठेवलंस रे? जाळीची नजर तिथंच अडकती."
रोज सहा मिनिटं मागंही पडतं.

डॉक्टर आले होते परवा, कुणाचातरी साचा घेऊन.
ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ बघत राहिले.
"हे आमचंच?"
"नंबर तोच आहे."
मग चष्मा कपाळावर सरकवून, डोळा अगदी काचेला लावून,
"इ. मो. कोण?"

माहीत नाही, म्हटलं.
तुमच्या वडिलांच्या घड्याळात तेल घालायचे.